होडीला ठिणगी देणारा कारागीर

होडीच्या पिछाडीच्या फळीला शिकंजाने आवळून बसवायचे आणि काम संपले की सोडवून घरी न्यायचे, असे लहानसे इंजिन आज जगभरच्या पाण्यावर दिसते. कोकणातल्या खाड्यांमध्ये लहान मच्छीमार होड्यांच्या मागे ते असते. २०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापूरच्या बुडालेल्या वस्त्यांमधून माणसे बाहेर काढणाऱ्या रबरी होड्यांच्या मागेही तेच होते. आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या अंगाबाहेर राहणारे, हे त्याचे नाव आता मराठीतही रुळले आहे. हे यंत्र सामान्य माणसाच्या हाती देण्याचे श्रेय नॉर्वेत जन्मलेल्या आणि अमेरिकेत वाढलेल्या ओले एविनरूड यांच्याकडे जाते. ‘ओले’ हे नाव मराठी कानाला गमतीचे वाटेल खरे, पण ज्याचे सारे आयुष्य पाण्याच्या काठाने गेले त्याला ते शोभूनही दिसते.

एविनरूड हे या यंत्राचे पहिले जनक मात्र नव्हेत, हे आधीच सांगितलेले बरे. होडीमागे इंजिन टांगण्याचे प्रयत्न एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच सुरू झाले होते. कॅमेरॉन वॉटरमन या अमेरिकी तरुणाने १९०५ च्या सुमारास आपले इंजिन चालवून दाखवले, पुढे विकलेही. तरीही लोकांच्या तोंडी बसले ते एविनरूड हेच नाव. याचे कारण शोधू गेल्यास ते शक्तीत किंवा वेगात सापडत नाही. किनाऱ्यापासून दूर, मिस्त्रीविना, भिजल्या हातांनी एखाद्या अडाण्यालाही इंजिन सुरू करता आले पाहिजे आणि बिघडलेच तर दुरुस्तही करता आले पाहिजे, या एका गोष्टीचा त्यांनी जन्मभर पाठपुरावा केला. आणि त्या काळी इंजिन सुरू होणे न होणे बहुतांशी एकाच गोष्टीवर अवलंबून होते. ती म्हणजे ठिणगी कोणत्या क्षणी पडते.

एविनरूड यांचा जन्म १९ एप्रिल १८७७ रोजी नॉर्वेतील योविक या गावाजवळ झाला. मुलगा पाच वर्षांचा असतानाच कुटुंबाने देश सोडला आणि अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, केंब्रिज या खेड्याजवळ, रिप्ली तलावाच्या आसपास शेती धरली. अटलांटिकच्या प्रवासात हे पोर सारखे जहाजाच्या इंजिनखोलीत पळायचे आणि आईला त्याला तिथून ओढून आणावे लागायचे, अशी आठवण त्यांच्या घरात सांगितली जाई. थोर यंत्रज्ञांच्या बालपणाला अशा आठवणी हमखास चिकटतात, तेव्हा तिच्यावर किती विसंबायचे ते वाचकांनी ठरवावे. शाळा लवकर सुटली हे मात्र निश्चित. शेतीच्या कामात वडिलांना हात हवे होते आणि मुलाचे लक्ष होते अवजारे व होड्यांकडे. चोरून होडी बांधण्यावरून बापलेकांत खटके उडाल्याचे सांगतात. अखेर होडी तयार झाली आणि तलावावर येणाऱ्या हौशी मंडळींना फिरवून तिने चार पैसेही मिळवून दिले. तेव्हा वडिलांचा विरोध मावळला असावा.

सोळाव्या वर्षी एविनरूड मॅडिसनला गेले. दिवसा यंत्रशाळेत काम आणि रात्री गणित व अभियांत्रिकीची पुस्तके, असा तो क्रम होता. त्यानंतर ठिकठिकाणच्या कारखान्यांमध्ये त्यांनी धातू ओतण्याचे आणि कातण्याचे शिक्षण घेतले, आणि विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर ते मिलवॉकी शहरात साच्यांचे कारागीर म्हणून स्थिरावले. पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनाचे ते दिवस बाल्यावस्थेचे होते. एविनरूड यांनी इंजिने बनवण्यासाठी भागीदाऱ्या केल्या, त्या मोडल्या, पुन्हा केल्या, पुन्हा मोडल्या. धिप्पाड अंगाचा, अबोल, हिशेबात कच्चा असा हा माणूस व्यवहारात वारंवार नाडला जात होता.

याच काळात शेजारच्या बेस कॅरी या तरुणीने त्यांची पत्रे लिहून देण्याचे आणि हिशेब ठेवण्याचे काम पत्करले. १९०६ साली दोघांचा विवाह झाला. एविनरूड यांच्या चरित्रात बेस यांचा उल्लेख पत्नी म्हणून एका वाक्यात उरकण्याची रीत आहे. ती अन्यायकारक आहे. पतीने यंत्र घडवले. धंदा बेस यांनी घडवला.

आइस्क्रीमची ती प्रसिद्ध गोष्ट याच सुमाराची. मिलवॉकीच्या पश्चिमेला ओकॉची नावाचा तलाव आहे. उन्हाळ्यातल्या एका रविवारी मित्रमंडळी पलीकडच्या काठावर सहलीला गेली होती. बेस यांना आइस्क्रीम खावेसे वाटले आणि एविनरूड होडी वल्हवत ते आणायला निघाले. उन्हाचा तडाखा होता, अंतर बरेच होते. परत येईपर्यंत आइस्क्रीमचे पाणी झाले. ज्या होडीत ते घामाघूम होऊन वल्ही मारत होते, तिला इंजिन का असू नये, हा विचार त्यांच्या मनात तेव्हा पक्का झाला असे म्हणतात. जाहिरातीला फार सोयीची ही कथा पुढे कंपनीनेही मनापासून जोपासली.

प्रत्यक्ष यंत्र तयार व्हायला मात्र दोन-तीन वर्षे गेली. पहिला नमुना पाहून बेस यांना तो कॉफी दळायच्या चक्कीसारखा वाटला होता. एविनरूड यांची रचना अशी होती : आडवे सिलिंडर, उभा दांडा, त्याच्या डोक्यावर जड फ्लायव्हील आणि खाली पाण्यात दातेरी चाकांनी काटकोनात वळवलेली गती पंख्यापर्यंत नेलेली. आज शंभर वर्षांनंतरही आउटबोर्डची मूळ मांडणी बहुतांशी हीच आहे. एका मित्राने हे इंजिन चालवायला म्हणून उसने नेले आणि परत येताना दहा जणांची मागणी, तीही रोख पैशांसह, घेऊन आला. १९०९ पासून विक्री सुरू झाली. दीड अश्वशक्ती, वजन ६२ पौंड, म्हणजे साधारण २८ किलो, आणि किंमत ६२ डॉलर. बेस यांनी लोकांना वल्ही टाकून देण्याचा सल्ला देणारी जाहिरात लिहिली आणि पत्रांचा पाऊस पडला. १९११ मध्ये पेटंट मिळाले. स्कँडिनेव्हियातल्या मच्छीमारांनी हे इंजिन मोठ्या संख्येने मागवले. ज्या किनाऱ्यांवरून एविनरूड कुटुंब पोटासाठी निघून गेले होते, तिथल्या कोळ्यांच्या होड्यांवर त्यांचेच नाव परत गेले.

हे दीड अश्वशक्तीचे इंजिन सुरू करणे हा मात्र एक संस्कारच होता. फ्लायव्हीलच्या कडेला एक लाकडी मूठ असे. ती धरून चाक झटक्याने फिरवायचे. इंजिन सुरू झाले की हात चपळाईने बाजूला घ्यायचा, कारण तीच मूठ आता बोटांवर गरगरत येत असे. ठिणगी लवकर पडली तर मात्र चाक उलटे उसळे आणि मनगटाला हिसका बसे. जुन्या किक मारायच्या स्कूटरने ज्यांच्या पोटरीला असा उलटा तडाखा दिला आहे, त्यांना या दुखण्याची जात लगेच कळेल. त्याही इंजिनाचे मर्म हेच होते.

असे का होते, हे समजून घेण्यासारखे आहे. सिलिंडरमध्ये पेट्रोलची वाफ आणि हवा दाबली गेली की ठिणगी तिला पेटवते. पण पेटणे म्हणजे एका क्षणात फुटणे नव्हे. ज्योत पसरायला सेकंदाचे काही हजारांश लागतात. दट्ट्या अगदी माथ्यावर पोचल्यावर ठिणगी पाडली, तर दाब पूर्ण वाढेपर्यंत तो खाली निघून गेलेला असतो आणि जोर वाया जातो. म्हणून ठिणगी थोडी आधी पाडावी लागते. किती आधी, हे वेगावर ठरते. मिनिटाला हजार फेरे घेणारा दांडा एका हजारांश सेकंदात सहा अंश फिरतो. तीन हजारांशात अठरा. हाताने हळू फिरवताना मात्र तेवढ्याच वेळात तो जेमतेम अंशभर सरकतो. म्हणजे जी आगाऊ ठिणगी वेगात हवीहवीशी, तीच सुरू करताना घातक. दट्ट्या वर चढत असतानाच स्फोट होतो आणि त्याला मागे रेटतो.

यावर त्या काळचा उपाय म्हणजे ठिणगीची वेळ पुढे-मागे करणारी एक दांडी. सुरू करताना दांडी मागे, म्हणजे ठिणगी उशिरा; इंजिनाने पकड घेतली की दांडी हळूहळू पुढे. अशा इंजिनांत वेगाचे नियंत्रणही मुख्यत्वे याच दांडीने होई. एवढेच नव्हे, तर या साध्या दोन-ठोकी इंजिनाला उलटसुलट दोन्ही दिशा सारख्याच असल्याने, इंजिन अगदी मंद करून नेमक्या क्षणी ठिणगी लवकर पाडली तर दांडा उलटा फिरू लागे आणि होडी मागे जाई. धक्क्याला लागताना निष्णात माणसे ही युक्ती वापरत. नवशिके धक्क्यावर आपटत.

दांडीवर ठेवलेली ही वेळ नेहमी तिथेच राहते असे मात्र नाही, आणि होडीच्या इंजिनाचे पुष्कळसे रडगाणे इथून सुरू होते. इंजिन सुरू होते पण जोर लागत नाही, तापते, धूर सोडत बसते; किंवा हिसके देते, कार्बोरेटरमधून फटकन आवाज काढते, खडखडते. माणूस आधी इंधनावर संशय घेतो आणि कार्बोरेटरचे स्क्रू पिळत बसतो. वास्तविक आधी प्लग काढून ठिणगी पडते की नाही ते पाहावे, प्लग ओला आहे की कोरडा ते पाहावे, आणि दोन्ही ठीक असूनही लक्षणे तीच असतील तर वेळेकडे वळावे. उशिराच्या ठिणगीने इंजिन मरगळते आणि तापते. आधीच्या ठिणगीने ते लाथा मारते आणि दट्ट्यावर घाव पडतात.

दोषाची मुळेही ठरलेली. ठिणगीचा क्षण ठरवतात ते दोन बारीक संपर्कबिंदू, ज्यांना गॅरेजमध्ये सरळ पॉइंट म्हणतात. ते एकमेकांपासून सुटले की ठिणगी पडते. पॉइंट झिजून त्यांतले अंतर वाढले तर ते लवकर सुटतात आणि ठिणगी आधी येते; त्यांना उचलणारा फायबरचा तुकडा झिजला तर अंतर घटते आणि ठिणगी मागे पडते. म्हणून अंतर मोजल्याशिवाय वेळेला हात लावू नये, हा जुन्या मिस्त्र्यांचा दंडक रास्त आहे. दुसरे कारण खास होडीचे. पंखा पाण्याखालच्या खडकाला आपटतो, किंवा फ्लायव्हीलचे नट नीट आवळलेले नसते, आणि फ्लायव्हील दांड्यावर ज्या इवल्याशा किल्लीने पक्के बसलेले असते ती अर्धवट कापली जाते. चाक दांड्यावर किंचित सरकते. चुंबक चाकात बसवलेले असले, तर ठिणगीची वेळ तरी चुकते किंवा तिचा जोर तरी जातो. वरून पाहता सारे काही जागच्या जागी! अशा वेळी चाकावरची खूण पाहून वेळ लावणारा फसतो, कारण खूणच सरकलेली असते.

खात्री करण्याची जुनी रीत आजही चालते. प्लग काढायचा, त्याच्या भोकातून पेन्सिलीसारखी काडी दट्ट्यावर टेकवायची आणि चाक हाताने सावकाश फिरवायचे. काडी सर्वांत वर आली की तो दट्ट्याचा माथा. मग पॉइंटच्या मध्ये सिगारेटचा पातळ कागद धरायचा आणि चाक चालायच्या दिशेने फिरवत तो हलकेच ओढत राहायचा. कागद ज्या क्षणी सुटला तो ठिणगीचा क्षण. माथ्याच्या किती आधी सुटला, ते मोजले की इंजिनाची तक्रार खरी की खोटी ते कळते. या सगळ्याला ना वीज लागते ना कारखाना. होडीत बसून करता येते. पुढे चमकणाऱ्या दिव्याने वेळ पाहण्याची साधने आली, पॉइंटची जागा इलेक्ट्रॉनिक यंत्रणेने घेतली, तरी फ्लायव्हीलची किल्ली पुष्कळ इंजिनांत अजून आहे आणि ती अजूनही कापली जाते.

धंदा भरात असतानाच एविनरूड यांनी तो सोडला. बेस यांची प्रकृती ढासळली होती. कारखाना, पत्रव्यवहार, जाहिरात, लहान मुलगा असा भार वाहून त्या थकल्या होत्या. पहिले महायुद्ध सुरू होण्याच्या सुमारास एविनरूड यांनी आपला वाटा ख्रिस मेयर या भागीदाराला विकून टाकला. पाच वर्षे आउटबोर्डच्या धंद्यात पडायचे नाही, ही अट त्यांनी मान्य केली. आपल्याच नावाची पाटी दुसऱ्याच्या कारखान्यावर राहिली. पती-पत्नी आणि मुलगा मोटारीने व होडीने देश पाहत हिंडले. यंत्रासाठी घरदार विसरणाऱ्या संशोधकांच्या कथा आपण कौतुकाने वाचतो. चाळिशीही न गाठलेल्या या माणसाने पत्नीच्या प्रकृतीसाठी आपले यंत्र सोडले, याचे कौतुक तुलनेने कमीच झाले.

विश्रांती घेतानाही त्यांचे डोके मात्र चालूच होते. अटीची मुदत सरत आली तेव्हा त्यांच्याजवळ नव्या इंजिनाचा आराखडा तयार होता. ओतीव लोखंडाच्या जागी बहुतांश ॲल्युमिनियम, एकाऐवजी समोरासमोर दोन सिलिंडर, शक्ती दुप्पट, म्हणजे तीन अश्वशक्ती, आणि तरीही वजन ४८ पौंड, जवळपास २२ किलो. त्यांनी तो आधी मेयर यांना देऊ केला. मेयर यांना तो पटला नाही. तेव्हा दोघांनी पुन्हा कंपनी काढली. एविनरूड हे नाव तर विकलेले! बेस यांनी ‘एविनरूड लाइट ट्विन आउटबोर्ड’ या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जुळवून ‘एल्टो’ हे नाव तयार केले आणि १९२१ साली नवे इंजिन बाजारात आले.

एल्टोत एविनरूड यांनी जो निर्णय घेतला त्यात त्यांचा स्वभाव दिसतो. बाजाराचा ओढा तेव्हा फ्लायव्हीलमध्येच चुंबक बसवून वीज निर्माण करणाऱ्या मॅग्नेटोकडे होता. त्यात बॅटरी वाहायची कटकट नसते. पण मॅग्नेटोची वीज चाकाच्या वेगावर अवलंबून. चाक हळू फिरवले की ठिणगी मिणमिणती, आणि सुरू करताना तर चाक हळूच फिरणार. एविनरूड यांनी कोरड्या बॅटरीवरची ठिणगी पसंत केली. बॅटरीला वेगाची पर्वा नसते, पहिल्या हलक्या झटक्यालाही ती पुरेपूर ठिणगी देते. त्यामुळे ज्यांच्या हातात फार बळ नाही त्यांनाही एल्टो सुरू करता येई. बॅटरी ओली झाली की पंचाईत, हा तोटा होताच, पण तो त्यांनी जाणून पत्करला. दोन सिलिंडर समोरासमोर असल्याने थरथरही कमी झाली. जुन्या इंजिनामागे बसून घरी परतलेल्या माणसाच्या हाताला किती वेळ मुंग्या येत असतील, याची कल्पना केलेली बरी.

स्पर्धा लगेच उभी राहिली. १९२२ मध्ये जॉन्सन बंधूंचे ३५ पौंडांचे इंजिन आले आणि हलकेपणात एल्टो मागे पडली. मग वेगाची शर्यत लागली. १९२८ च्या चार सिलिंडरच्या एल्टोची शक्ती १८ अश्वशक्ती होती, पहिल्या इंजिनाच्या बारापट. १९२९ मध्ये एल्टो, लॉकवुड आणि जुनी एविनरूड कंपनी एकत्र होऊन आउटबोर्ड मोटर्स कॉर्पोरेशन स्थापन झाली. स्टीफन ब्रिग्ज यांच्या पुढाकाराने झालेल्या या विलीनीकरणात एविनरूड अध्यक्ष झाले आणि विकलेले नाव पंधरा वर्षांनी परत हाती आले. त्याच वर्षीच्या शेअर बाजाराच्या कोसळण्याने मंदी आली. हौसेच्या होड्यांना गिऱ्हाईक उरले नाही आणि कंपनी तगवण्यातच पुढची वर्षे गेली.

बेस १९२८ मध्येच कामातून निवृत्त झाल्या होत्या. मे १९३३ मध्ये त्यांचे निधन झाले. एविनरूड त्यानंतर जेमतेम चौदा महिने जगले. १२ जुलै १९३४ रोजी, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, ते गेले. कारभार मुलगा राल्फ यांच्याकडे आला. १९३६ मध्ये एकेकाळचे प्रतिस्पर्धी जॉन्सन हेही त्याच छत्राखाली आले आणि त्यातून घडलेली कंपनी पुढे अनेक दशके या क्षेत्रातील बलाढ्य नाव राहिली. डिसेंबर २००० मध्ये तिचे दिवाळे निघाले. नाव कॅनडातील बॉम्बार्डियरने घेतले, पुढे त्यांच्यातूनच निघालेल्या बीआरपी कंपनीने ते चालवले आणि २०२० मध्ये एविनरूड इंजिनांचे उत्पादन थांबले.

जुन्या इंजिनांचे संग्राहक मात्र विस्कॉन्सिनच्या तलावांवर आणि इतरत्र अजून जमतात. शंभरी गाठलेल्या एखाद्या एल्टोला नवी बॅटरी जोडली जाते, पॉइंट घासले जातात, दोन पॉइंटमध्ये कागद धरून वेळ पाहिली जाते. मग दांडी मागे ओढून कोणीतरी चाकाला हलका झटका देतो, आणि बोटे चपळाईने बाजूला घेतो.